पसरणी घाटातल्या उचक्या

चौथ्यांदा पसरणी घाट उतरले, आणि चौथ्यांदाही गाडीने एक साधी उचकी दिली नाही. वाईच्या अलीकडे गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि शेजारी बसलेल्या हणमंतरावांकडे बघितलं. गाडी त्यांची होती आणि तक्रारही त्यांचीच. ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते.

"काहीच झालं नाही की हो," मी म्हणाले.

"मग मी काय खोटं बोलतोय का?"

"तसं कुठं म्हणाले मी?"

"तुमी न्हाई म्हणाला. पर त्या कागदावर तसंच लिवलंय की."

तो कागद म्हणजे सर्व्हिस सेंटरचं जॉब कार्ड. गाडी दुरुस्तीला गेली की तक्रार काय होती आणि तपासात काय निघालं, हे त्यावर लिहितात. हणमंतरावांच्या कार्डावर वरच्या रकान्यात होतं, 'घाट उतरताना गाडी उचक्या देते.' खालच्या रकान्यात होतं, 'गाडीत दोष नाही. ड्रायव्हरची चालवण्याची पद्धत चुकीची.' खाली शिक्का.

हणमंतराव वाईचे. पन्नाशी उलटलेली, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. वाईत राहणाऱ्या सात शिक्षिकांना रोज सकाळी पाचगणीच्या शाळेत पोचवायचं आणि चार वाजता खाली आणायचं, हे त्यांचं अकरा वर्षांचं काम. जुनी जीप होती तोवर कुणाची कुरकुर नव्हती. चार महिन्यांपूर्वी त्यांनी आमच्या कंपनीची नवी कोरी गाडी घेतली आणि घाट उतरताना उचक्या सुरू झाल्या. एका बाईंना उलट्या व्हायच्या, एकीची मान धरली. शेवटी शिक्षिकांनी मुख्याध्यापिकांकडे तक्रार केली. त्यांनी जॉब कार्ड मागून घेतलं, वाचलं आणि हणमंतरावांना सांगितलं, "गाडी तुमचीच राहू दे. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर चालवायला दुसरा माणूस ठेवा."

हे मला हणमंतरावांनी सांगितलं नाही. सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरने सांगितलं, तेही हसत. मला हसू आलं नाही. ज्याने अकरा वर्षं एकच काम केलं त्याला ते काम येत नाही, असं शिक्का मारून सांगायचं, वर त्याच्याच गाडीत त्याच्या जागी दुसरा बसवायचा. 

आता मी कोण, तेही सांगते. मी पुण्याच्या एका मोटार कंपनीत कॅलिब्रेशन इंजिनिअर होते. इंजिन घडवणारे लोक वेगळे. ते लोखंडातले. माझं काम आकड्यांचं. आजकालच्या प्रत्येक गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. कधी किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे तो ठरवतो. पण त्याला स्वतःचं डोकं नसतं. कुठल्या वेळी काय करायचं याचे हजारो आकडे कुणीतरी आधी भरून ठेवावे लागतात. ते भरणारी मी. तोवर सव्वीस वर्षं तेच करत आले होते. आईला शेवटपर्यंत कळलं नाही की मी नेमकं काय करते. ती शेजारणींना सांगायची, "पोरगी मोटारीला हिशेब शिकवती." मला त्याहून चांगलं कधी सांगता आलं नाही.

घाट उतरताना काय होतं, ते बघा. तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढता. गाडी गिअरमध्येच असते. उताराच्या जोराने चाकं फिरतात आणि चाकंच इंजिनाला फिरवतात. मग इंजिनाला पेट्रोल कशाला द्यायचं? म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. अगदी शून्य. याला आम्ही फ्युएल कट म्हणतो. पेट्रोल वाचतं आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. कित्येक शहाणे लोक पेट्रोल वाचवायचं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतात. त्यात उलट जास्तच पेट्रोल जातं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. हे सांगून सांगून माझा घसा बसला. कुणी ऐकलं नाही.

बंद करणं सोपं असतं. परत सुरू करण्यात सगळी मेख आहे. मी शिराळ्याकडची, त्यामुळे मला हे नेहमी उसाच्या पाण्यासारखं वाटतं. मोटर सुरू केली तरी पहिलं पाणी सरीत पोचत नाही. कोरडा पाट आधी स्वतः पितो. पेट्रोलचंही तसंच. बंद असताना इंजिनाकडे जाणारी वाट कोरडी पडते आणि पहिले थेंब तिलाच चिकटतात. म्हणून सुरुवातीला थोडं जास्त सोडावं लागतं. फार जास्त झालं की गाडी धक्का देते, कमी पडलं की इंजिन गुदमरतं. ते नेमकं किती, हे शोधण्यात माझ्या आयुष्याचे कितीतरी घाट गेले. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली. माझ्या वयाच्या बायका महाबळेश्वरला फिरायला जायच्या, मी घाटातच वर-खाली करून घरी जायची.

तर हणमंतरावांच्या उचक्या म्हणजे पेट्रोल परत सुरू होतानाचेच धक्के असणार, एवढं मला ऐकताक्षणीच कळलं होतं. ते आकडे माझेच होते. म्हणून तर सरांनी मला पाठवलं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. माणूस हुशार, पण सगळ्या गोष्टी दोन दिवसांत व्हायला हव्यात.

आणि मी चार वेळा उतरले, तर गाडी लोण्यासारखी.

"आता तुम्ही चालवा," मी हणमंतरावांना म्हणाले. "मी शेजारी बसते."

माझा लॅपटॉप गाडीच्या कॉम्प्युटरला वायरीने जोडलेला होता. इंजिनाचा वेग, पेट्रोल, पेडल, सगळं क्षणाक्षणाला त्यावर उमटायचं. हणमंतराव ड्रायव्हरच्या सीटवर बसले. बसताना त्यांच्या पायातल्या काळ्या चकचकीत बुटांचा करकर आवाज झाला, हे मला आजही आठवतं. तेव्हा मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. लक्ष सगळं पडद्यावर.

पाचगणीच्या नाक्यापासून खाली वाईपर्यंत. एकही उचकी नाही.

हणमंतरावांनी गाडी थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले. "मॅडम, माज्या गळ्याची आन घेऊन सांगतो, रोज व्हतंय. रोज. त्या बाया खोटं बोलतील व्हय?"

"उद्या मी त्यांच्याबरोबरच बसते," मी म्हणाले.

"उद्या बी न्हाई झालं तर?"

 उद्या झालं नाही तर मी पुण्याला परत जाणार, आणि त्या कार्डावरचं वाक्य कायमचं खरं ठरणार, हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता शाळेच्या फाटकापाशी मी त्या गाडीत मधल्या रांगेत बसले. मांडीवर लॅपटॉप, वायर पुढच्या दोन सीटच्या मधून गेलेली. सात शिक्षिका पर्स, डबे, वह्यांचे गठ्ठे घेऊन आत आल्या. माझ्या शेजारी जाधवबाई. गणिताच्या. तक्रार करण्यात त्याच पुढे होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कंपनीतून तुम्हीच आलात? साहेब कुणी नाही आले?"

"साहेब मीच आहे," मी म्हणाले.

"बरं झालं. बाईमाणसाला मळमळ तरी कळेल."

गाडी निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण. खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागलं. रस्त्यात माकडं बसलेली, त्यांना चुकवायला हणमंतरावांनी वेग कमी केला. आणि तिसऱ्या वळणाच्या पुढे, जिथे डांबराची ठिगळं आहेत, तिथे गाडीने उचकी दिली. मग लगेच दुसरी. मग तीन-चार एकदम, माना पुढे-मागे.

"बघा! बघा!" सगळ्याजणी एकदम ओरडल्या.

मला इतका आनंद झाला की मी हसले. मागच्या सीटवरच्या बाई तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हसणं गिळलं. पण आमच्या धंद्यात दोष सापडणं म्हणजे निम्मं काम झालं. न सापडणारा दोष माणसाला खातो.

पडद्यावर पेट्रोलची रेघ करवतीच्या दातांसारखी वर-खाली होत होती. बंद, सुरू, बंद, सुरू. ॲक्सिलरेटर तर शून्यावर होता. मग कॉम्प्युटरला पेट्रोल सुरू करायला सांगत कोण होतं? मी एकेक रेघ खाली बघत गेले आणि शेवटच्या रेघेवर थांबले. क्लचचा स्विच.

फ्युएल कट चालू असताना ड्रायव्हरने क्लच दाबला, तर चाकं आणि इंजिन यांचा संबंध तुटतो. इंजिनाला फिरवणारं कुणी राहत नाही, पेट्रोलही नाही, म्हणजे ते बंद पडणार. घाटात इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. म्हणून क्लचच्या पेडलपाशी एक लहानसा स्विच असतो. पेडल हललं की तो कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर ताबडतोब पेट्रोल सुरू करतो. इथे तो स्विच एकसारखा लुकलुकत होता. दाबला, सोडला, दाबला, सोडला.

मी वाकून पुढे बघितलं. हणमंतरावांचा डावा पाय क्लचवर टेकलेला होता. आणि तो पाय अनवाणी होता. बूट शेजारच्या सीटखाली, मोजे आत कोंबून, जोडीने नीट ठेवलेले.

"बूट काढलेत तुम्ही?"

"व्हय. रोजच चप्पल काढून चालिवतो. काल तुमी कंपनीचं मानूस येनार म्हनून बूट घातलं व्हतं. भाच्याच्या लग्नातलं. लय चावलं, म्हनून आज काढून ठिवलं."

म्हणजे आदल्या दिवशी उचकी आली नव्हती ती यामुळे. मी चालवली तेव्हाही माझ्या पायात जाड तळाचे बूट होते. जाड तळाचे बूट घातलेला माणूस क्लचवर पाय ठेवत नाही. ठेवला तर दाबतोच. या माणसाचा उघडा तळवा पेडलवर नुसता टेकलेला असायचा आणि ठिगळावरून चाक गेलं की थोडासा हलायचा. तेवढं स्विचला पुरत होतं.

वाईत उतरल्यावर मी चहाच्या टपरीशेजारी उभी राहून सरांना फोन केला.

"सापडलं, सर. क्लचवर पाय ठेवून चालवतात. अनवाणी. स्विच टॉगल होतोय."

"झालं तर मग. ड्रायव्हर हॅबिट. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, क्लचवर पाय ठेवू नका. रिपोर्ट क्लोज कर आणि परत ये."

"पण सर..."

"सुनंदा, एका माणसाच्या सवयीसाठी आपण सॉफ्टवेअर बदलणार का?"

मी फोन ठेवला. खरं सांगते, त्या क्षणी मलाही ते पटलं होतं. इतकी वर्षं मीसुद्धा हेच म्हणत आले होते. क्लचवर पाय ठेवून चालवलं की क्लच प्लेट घासते, लवकर जाते. हणमंतरावांना ते समजावून सांगायचं आणि बसने पुण्याला जायचं, असं ठरवून मी टपरीवरून परत आले. शिक्षिका घरी गेल्या होत्या. जाधवबाई मात्र थांबल्या होत्या. निकाल ऐकल्याशिवाय हलणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

"तुम्ही क्लचवर पाय का ठेवता?" मी हणमंतरावांना विचारलं.

ते ओशाळले. "दाबत न्हाई मी, मॅडम. ठिवतो फकस्त. पायाला गाडी कळती."

 हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

माझे वडील, आण्णा, दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. शिराळ्याच्या डोंगरातल्या गावांतून दूध गोळा करून सांगलीला न्यायचे. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्याबरोबर जायची. केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर पोतं टाकून माझी जागा. मे महिन्यात ते झाकण इतकं तापायचं की पोत्याखाली आणखी पोतं. दुधाचा, डिझेलचा आणि आण्णांच्या विडीचा मिळून एक वास यायचा. तो वास पुढे मला जगात कुठे आला नाही. टँकर अर्धा भरलेला असला की आत दूध डचमळायचं, आणि धक्का बसला तर सगळी गाडी मागून ढकलल्यासारखी पुढे जायची. आण्णा कधी धक्का बसू द्यायचे नाहीत. गाडीत चढायच्या आधी चप्पल काढायचे, एका फडक्यात गुंडाळायचे आणि सीटमागे ठेवायचे. मी विचारलं होतं, का?

"गाडीवर पोट हाय आपलं, नंदे. चपलंचा पाय लावायचा न्हाई." मग म्हणाले होते, "आन पायाला समदं कळतं बघ. इंजान काय म्हनतंय, चाक काय म्हनतंय. बूट घातल्यावर कोन सांगनार तुला?"

मी नऊ-दहा वर्षांची असेन. तेव्हापासून मला इंजिनात काय चालतं ते कळून घ्यायचं होतं. मी इंजिनिअर झाले ती त्या झाकणावर बसून. आणि कंपनीत लागल्यावर पहिल्या दिवशी मला सेफ्टी शूज मिळाले, पुढे बोटांवर स्टील बसवलेले. टेस्ट ट्रॅकवर त्यांच्याशिवाय प्रवेश नाही. सव्वीस वर्षं त्याच बुटांनी मी गाड्या चालवल्या. आमच्या विभागात सातारा-सांगलीकडची पाच-सहा पोरं होती. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की आमच्या गावाकडचे ड्रायव्हर चप्पल काढून गाडी चालवतात.

"बाई, तुमच्याकडे पट्टी आहे का?" मी जाधवबाईंना विचारलं.

गणिताच्या बाईंकडे पट्टी नसेल तर कुणाकडे असणार? पर्समधून स्टीलची पट्टी निघाली. मी ड्रायव्हरच्या दारात खाली बसले, पट्टी पेडलपाशी धरली.

"हणमंतराव, रोज ठेवता तसा पाय ठेवा. विचार न करता."

त्यांनी ठेवला. जाधवबाई वाकून वाचायला लागल्या. "सात मिलिमीटर."

"आता पाय काढा." मग मी हाताने पेडल हळूहळू दाबलं. कुठल्याही क्लचचं पेडल सुरुवातीला हलकं जातं. तिथे काहीच घडत नसतं. मग एका जागी हाताला जड लागतं. तिथून पुढे क्लच खरंच सुटायला लागतो. "जड लागलं. किती?"

"सोळा."

मी पेडल सोडून दिलं आणि पुन्हा हळू दाबलं. या वेळी लॅपटॉप हणमंतरावांच्या हातात दिला होता आणि स्विचची रेघ दाखवून ठेवली होती. "रेघ वर गेली की सांगा."

"गेली!"

"सहा," बाई म्हणाल्या. मग सरळ उभ्या राहिल्या. "थांबा हं. क्लच सोळाला काम करतो. यांचा पाय सातवर आहे. म्हणजे यांनी क्लच दाबलेलाच नाही. नुसता टेकलाय. आणि तुमचा स्विच सहालाच सांगतो की दाबला."

"हो."

"म्हणजे तुमचा स्विच खोटं बोलतो."

"हो."

"मग यात हणमंतमामांची चूक कुठंय?"

मी जमिनीवर बसलेली होते. उठायचं सुचलं नाही. तो स्विच सहा मिलिमीटरला लागतो, हे मला माहीत होतं. नवा स्विच आला तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, लवकर लागतोय, चालेल का? मी ट्रॅकवर चालवून बघितलं होतं. सेफ्टी शूज घालून. क्लच एकतर पूर्ण दाबायचा नाहीतर पाय बाजूला. मला काही फरक दिसला नाही. मी 'चालेल' लिहून सही केली होती. आण्णांच्या मुलीने. मला त्या दिवशी जेवढी लाज वाटली तेवढी नोकरीत कधी वाटली नाही.

पुण्याला जाऊन मी सरांसमोर सगळं मांडलं. पट्टीचे आकडे, लॅपटॉपच्या रेघा आणि माझी जुनी सही.

"स्विच बदलायचा?" सर म्हणाले. "शक्य नाही. हजारो गाड्या रस्त्यावर आहेत."

"स्विच राहू दे. कॉम्प्युटरने त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, एवढंच करू."

"म्हणजे?"

"क्लच खरंच दाबला तर इंजिनाचा वेग चाकांच्या वेगापासून तुटतो. दोन्ही आकडे आपल्याकडे आहेतच. स्विच म्हणाला दाबला, तरी दोन्ही वेग जोडीने चालत असतील तर थांबायचं. तुटले तरच पेट्रोल सुरू."

"आणि तुटेपर्यंत उशीर झाला आणि इंजिन बंद पडलं तर? घाटात?"

हा प्रश्न बरोबर होता. म्हणून तर सर सर होते. पुढचे तीन आठवडे मी तेवढ्याच एका प्रश्नाचं उत्तर शोधलं. किती थांबायचं? जास्त थांबलं तर इंजिन बंद पडतं, कमी थांबलं तर उचकी. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपासचा तो खेळ. एसी सुरू, एसी बंद, गाडी भरलेली, रिकामी, थंड इंजिन, तापलेलं इंजिन. वेग फार खाली आला असेल तर मात्र अजिबात थांबायचं नाही, लगेच पेट्रोल सोडायचं, असंही एक कलम घातलं. त्याने मायलेज कणभर कमी झालं. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण सही केली.

अनवाणी चालवून बघायला मात्र सेफ्टी विभागाने परवानगी दिली नाही. अर्ज केला, तर परत आला. शेवटी कॅनव्हासचे पातळ तळाचे बूट मंजूर झाले. त्यांच्या फाइलमध्ये तसंच आहे. खंबाटकीत प्रत्यक्षात काय केलं, ते मी लिहीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी मी वाईला गेले. सर्व्हिस सेंटरमध्ये हणमंतरावांच्या गाडीत नवं सॉफ्टवेअर भरलं. वीस मिनिटांचं काम. मग पाचगणीला जाऊन शाळा सुटायची वाट बघत बसलो. हणमंतराव त्या दिवशी चप्पल घालून आले होते.

"मॅडम, तुमी म्हनाल तसं चालिवतो. चप्पल ठिवू का काढू?"

"काढा. आणि पाय रोज ठेवता तिथेच ठेवा. माझ्यासाठी काही बदलायचं नाही."

त्या दिवशी शिक्षिकांबरोबर मुख्याध्यापिकाही बसल्या.  तिसरं वळण गेलं. ठिगळं आली, चाकं त्यावरून गेली. पडद्यावर क्लचची रेघ नेहमीसारखी लुकलुकत होती, आणि तिच्या वरची पेट्रोलची रेघ खाली, शून्यावर, सरळ पडून होती. शेवटपर्यंत. मागच्या सीटवरच्या बाईंचा रुमाल पर्समधून बाहेर आला नाही. मला आरशात हणमंतरावांचे डोळे दिसत होते. ते भरले होते, आणि ते रस्त्याकडेच बघत होते, कारण घाटात ड्रायव्हरला दुसरीकडे बघायची सोय नसते.

वाईत गाडी थांबली. कुणी उतरेना. मुख्याध्यापिकांनी विचारलं, "मग नक्की काय होतं?"

"गाडीत दोष होता," मी म्हणाले. "आम्ही ठेवलेला. खरं तर मीच. मामा बरोबर चालवत होते. पहिल्या दिवसापासून."

हणमंतरावांनी डॅशबोर्डमधून ते जॉब कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. कंपनीचा नियम आहे, कस्टमरला लेखी काही द्यायचं नाही. मी पेन घेतलं. 'ड्रायव्हरची चालवण्याची पद्धत चुकीची' यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'दोष गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. दुरुस्त केला. ड्रायव्हरची चूक नाही.' पूर्ण नाव लिहून सही केली, आण्णांच्या नावासकट. कार्ड आधी मुख्याध्यापिकांनी वाचलं, मग जाधवबाईंनी, मग ते एकेकीच्या हातून मागच्या रांगेपर्यंत जाऊन परत आलं.

"सुट्टीनंतर नेहमीच्याच वेळेला या, मामा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

 हणमंतरावांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आवं मॅडम, ह्ये लॅमिनेट करून गाडीत लावलं तर चालंल का?"

"चालेल. फक्त कंपनीचं नाव झाका."

सोमवारी सरांनी बोलावलं. सर्व्हिस सेंटरवाल्याने कळवलं होतं.

"कस्टमरला लेखी दिलंस?"

"दिलं, सर."

"काय लिहिलंस?"

"होतं ते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पुढच्या वेळी विचारून लिही," एवढंच म्हणाले. त्या वर्षी माझं प्रमोशन पुढे गेलं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं मला सांगण्यात आलं.

निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. आयुष्यभर मी नव्या पोरांना सांगत आले की डेटा खोटं बोलत नाही. ते खरंच आहे. पण विचारल्याशिवाय तो काही सांगतही नाही. क्लचचा स्विच लागला, हे त्याने मला पहिल्या मिनिटाला सांगितलं होतं. पाय कुणाचा, तो तसा का ठेवलाय, हे गाडीतून खाली उतरून, जमिनीवर बसून विचारावं लागलं. ते शहाणपण मला घरूनच, आण्णांकडून यायला हवं होतं. यायला सव्वीस वर्षं लागली.